खडीच्या रस्त्यावरचे अकरा तास

एक्स-रेच्या खोलीबाहेर दुखरा गुडघा चोळत बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या मायलेकांचं बोलणं पडत होतं. आईचं मनगट चांगलंच सुजलं होतं.

“दीडशे किलोमीटर सायकलची शर्यत, तीही खडीच्या रस्त्यावर. या वयात तुला जा म्हणून कोणी सांगितलं होतं?”

“कोणीच नाही. म्हणून तर गेले.”

“आणि आलीस शेवटची.”

“शेवटची का होईना, पोचले. पडले ते पोचल्यावर, सायकलवरून उतरताना.”

“मिळालं काय त्यातून?”

“मजा आली. अकरा तास कोणी मला काही शोधून द्यायला सांगितलं नाही.”

“आता ती सायकल विकून टाकू.”

“तुझी विक.”

नर्सनं नाव पुकारलं, तसा मुलगा आधी उठला.

“बस तू. मनगट माझं आहे, मी जाते.”

शिंपीणबाईंनी पाय आखडून तिला वाट करून दिली.