डनमोरसाहेबांचा पॉज

(नेपरव्हिल, अमेरिका, २००८. शुक्रवारची संध्याकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अहिल्या आणि तिची नात अनिका, अनिकासमोर लॅपटॉप. अहिल्येची मुलगी हिमानी ओट्याशी.)

अहिल्या: साल आधी घाल. दोन हजार तीन, ऑक्टोबर महिना. नुसतं 'एकदा काय झालं' म्हटलं की ऐकणाऱ्याला उभं राहायला जागा मिळत नाही.

अनिका: घातलं, आजी. दोन हजार तीन. म्हणजे मी सोळाची होते आणि तू...

अहिल्या: माझं वय नको घालूस.

हिमानी: वय राहू दे, तो अख्खा किस्साच काढ. अनू, बाकीचं भाषण छान झालंय. तेवढा भाग डिलीट कर.

अनिका: मम्मा, तोच तर बेस्ट पार्ट आहे. रूथ म्हणाली, माझ्या डॅडच्या मेमोरियलला कोणी रडायचं नाही. लोकांना हसायला काहीतरी हवं ना.

हिमानी: मग तिच्या डॅडवर हसा. उद्या लायब्ररीत दोनशे माणसं असणार. त्यांच्यासमोर माझ्या आईचा जोक झालेला मला नाही चालणार.

अहिल्या: बाकीचं हवं तर काढा. किस्सा राहील. अनू, पहिल्यापासून वाच. आणि मराठीत सांग, इंग्रजी ऐकताना माझा निम्मा जीव कानात जातो.

अनिका: ओके. रेग डनमोर. ऑस्ट्रेलियात जन्म, नाइन्टीन ट्वेंटी-सिक्स. वडील मेंढ्यांची... मम्मा, शिअरिंगला काय म्हणतात?

हिमानी: लोकर कातरणं.

अनिका: वडील लोकर कातरायचे. शेडमधल्या अर्ध्या लोकांना वाचता यायचं नाही. मग बारा वर्षांचा रेग खोक्यावर उभा राहून त्यांना पेपर वाचून दाखवायचा. मेंढ्या ओरडायच्या, त्यांच्या वरून आवाज गेला पाहिजे.

अहिल्या: तिथेच तयार झाला तो गळा. पुढे.

अनिका: एकोणिसाव्या वर्षी सिडनीला रेडिओ. एका दुपारी एकाच नाटकात तीन माणसं आणि एक कुत्रा, सगळं त्यांनीच केलं. मग टीव्हीवर अकरा वर्षं पोलीस सार्जंट.

अहिल्या: इथे नदीकाठी एकदा एक बाई थांबली होती. मूळची तिकडचीच. 'सार्जंट' एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. तिची आई आजारपणात ती मालिका बघायची म्हणे. साहेब अर्धा तास तिच्या आईची चौकशी करत उभे. मी आपली बाकावर, थंडीनं काकडत.

अनिका: मग लंडन, मग लॉस एंजेलिस, आणि म्हातारपणी रूथजवळ इथे, आमच्या शेजारच्या घरात. टोटल एकशे बेचाळीस रोल्स. हीरो एकदाही नाही.

अहिल्या: नकोच होतं त्यांना. म्हणायचे, नायकाला चेहरा सांभाळावा लागतो. मला फक्त समोरचा माणूस सांभाळायचा असतो. तू मला ते मराठीत सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, हा आपल्यातला आहे.

अनिका: पूर्ण स्क्रिप्ट हातानं लिहून काढायचे. स्वतःचेच नाही, सगळ्यांचे डायलॉग. आणि शर्टांना इस्त्री करता करता पाठ करायचे. एक पान, एक शर्ट. अठ्ठावन्न वर्षांत सेटवर एकदाही लाइन विसरले नाहीत. एकदाही कोणाकडे लाइन मागितली नाही.

अहिल्या: त्याच्याखाली रेघ मार.

अनिका: भाषणात रेघ कशी मारणार?

अहिल्या: आवाजात मार.

हिमानी: आई, चहा घे. आलं कमी आहे, इंडियन स्टोअरमध्ये जायला झालं नाही.

अहिल्या: असू दे. आता आमची ओळख कशी झाली ते.

अनिका: ते आहे. आजी बॅकयार्डमध्ये टोमॅटो खाणाऱ्या खारींना ओरडत होती. फेन्सच्या पलीकडून रेगनी विचारलं, "मॅडम, कुठल्या थिएटरमध्ये होतात?" कारण असा आवाज फक्त स्टेजवरच्या लोकांचा असतो.

अहिल्या: मी म्हटलं, स्टेजवर कुठली, विंगेत. एकतीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. नट अडला की शब्द पुरवायचा, एवढंच काम. तुझे आजोबा तबल्यावर, मी वहीवर. ते ऐकून हा माणूस फेन्सला वळसा घालून पुढच्या दारानं आला आणि टोपी काढून उभा राहिला. हिमूला वाटलं, वीज कंपनीचा कोणी आला.

हिमानी: टोपीच तशी होती.

अनिका: आणि आता किस्सा. डॅनियल नावाचा यंग डिरेक्टर. त्याच्या फिल्ममध्ये म्हाताऱ्या शेतकऱ्याचा रोल, त्यात अडीच पानांची एक स्पीच. रेग सत्त्याहत्तरचे. प्रोड्यूसरला डाउट होता की ह्यांना एवढं पाठ राहील का. म्हणून टेस्ट ठेवली, चर्चच्या हॉलमध्ये. हातात कागद नाही. मी आणि आजी मागे बसलेलो.

अहिल्या: दीड महिना तालीम मीच घेतली होती. वही माझ्या मांडीवर. अर्थ निम्मा कळायचा, श्वास पूर्ण कळायचा.

अनिका: रेग बोलतायत. मध्ये ते थांबले. लाँग पॉज. आणि आजी मागून एवढ्या मोठ्यानं ओरडली, "द वेल वॉज ड्राय", विहीर कोरडी होती, म्हणजे पुढची लाइन. हॉलमध्ये इको आला. मी खुर्चीखाली जाणार होते. मग आजी उभी राहिली, कान पकडले आणि म्हणाली, "सॉरी सर, माय मिस्टेक, ही इज टेकिंग पॉज, आय ॲम ओल्ड वुमन, आय डू हरी." सगळे हसले. रेग वळून म्हणाले, "मॅडम, तो माझा पॉज होता. मी तो सहा आठवडे पाळलाय." आणि तिथूनच पुढे सुरू केलं. रोल मिळाला, तीच त्यांची शेवटची फिल्म. दी एंड.

हिमानी: ह्याच्यावर हसतील उद्या. भारतातून आलेली म्हातारी, मोडकं इंग्लिश, मध्येच ओरडते.

अहिल्या: हसू देत.

हिमानी: का हसू देत? तुला एवढं काय पडलंय त्याचं?

अहिल्या: परवा पेपरात काय आलंय ते वाचलंस ना? अनू, सांग तिला.

अनिका: "शेवटच्या फिल्मच्या वेळी डनमोर यांना लाइन्स आठवत नसत, कानात यंत्र घालून ऐकवाव्या लागत, असं काहींचं म्हणणं." सोर्स कोण ते नाही लिहिलं.

अहिल्या: माणूस जाऊन महिना नाही झाला. उद्या तो डॅनियल येणार, ती निर्माती बाई येणार, पेपरवाले येणार. त्यांना आठवण राहिली पाहिजे की हॉलमध्ये चुकली ती मी. ते नाही.

हिमानी: आई, इकडे बघ. बाबा काय म्हणायचे? अहिल्येचा शब्द समेवर येतो. एकतीस वर्षांत तू कोणाच्या पॉजमध्ये शब्द टाकलास?

अहिल्या: वय होतं गं.

हिमानी: वय कशाला सांगतेस? आणि दुसऱ्या दिवशीचं मला आठवतंय. सकाळी साडेआठला मिस्टर डनमोर दारात. स्वतःची इस्त्री घेऊन. आपल्या बेसमेंटमध्ये उभं राहून तुझ्या सहा सुती साड्यांना त्यांनी इस्त्री केली. मी ऑफिसला निघाले होते, मला वाटलं, ऑस्ट्रेलियात असं करत असतील. पण ज्याचा पॉज मोडला तो माणूस येऊन साड्यांना इस्त्री करतो?

अनिका: वेट. आजी?

अहिल्या: चहा गार झाला.

हिमानी: आई.

अहिल्या: पॉज घेतलेला नट श्वास सोडतो. विसरलेला नट श्वास धरतो. विंगेतून पाठ जरी दिसली तरी कळतं. साहेबांनी श्वास धरला होता.

अनिका: म्हणजे ते खरंच विसरले होते?

अहिल्या: एक शब्द. विहीर. बाकी सगळं डोक्यात होतं, पण तेवढं दार बंद. मी तीनपर्यंत मोजलं. चौथ्याला ती निर्माती बाई डॅनियलकडे बघणार होती.

अनिका: मग हळूच सांगायचं ना. ओरडलीस का?

अहिल्या: हळू दिला असता तर तो प्रॉम्प्ट झाला असता. मोठ्यानं दिला म्हणून तो मूर्खपणा झाला. कुजबुजलेला शब्द ऐकला की लोक नटाकडे बघतात. ओरडलेला ऐकला की ओरडणाऱ्याकडे.

हिमानी: आणि त्यांनी तुला सगळ्यांसमोर झापलं.

अहिल्या: झापायलाच हवं होतं. आमच्या कंपनीतली रीतच ती. नट चुकला की पडदा पडल्यावर त्यानं प्रॉम्प्टरवर ओरडायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. प्रॉम्प्टरनं मान खाली घालायची. उद्या पुन्हा त्याला लोकांसमोर उभं राहायचंय, आपल्याला कुठे कोण बघतंय. आणि सकाळी नटानं काहीतरी पाठवायचं. कोणी पान पाठवायचे, कोणी मोगऱ्याचा गजरा. ही रीत मी साहेबांना कधी सांगितली नव्हती. त्यांनी आपण होऊन ओरडून घेतलं आणि सकाळी आपण होऊन आले. मेंढ्यांच्या मुलखातला माणूस. म्हणून म्हणते, मोठा नट.

अनिका: तुम्ही कधी बोललात का त्याबद्दल?

अहिल्या: कोणत्या भाषेत बोलणार? मध्ये तूच होतीस. आणि तुला कळू द्यायचं नव्हतं.

अनिका: आजी, मग मी उद्या हे कसं सांगू? ते लाय आहे. स्टेजवर उभं राहून दोनशे लोकांना लाय?

अहिल्या: तू जे पाहिलंस ते सांग. त्यात खोटं काय?

अनिका: तेव्हा नव्हतं. आता आहे. पाच मिनिटांपूर्वी सांगितलंस तू.

अहिल्या: हिमूनं विचारलं म्हणून. मी जाईपर्यंत सांगणार नव्हते.

हिमानी: अनू, शूटिंगला तू होतीस ना? तेव्हा काय झालं?

अनिका: फेब्रुवारी, दोन हजार चार. बर्फ. आजी तीन जॅकेट घालून. फार्महाउसच्या पोर्चवर अख्खी स्पीच, एका टेकमध्ये. कानात काहीही नव्हतं, मीच त्यांची कानटोपी धरून उभी होते. डॅनियलनी कट म्हटलं. तो साउंडवाला माणूस हेडफोन काढून नुसता उभा.

अहिल्या: ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज सकाळी बसलो होतो आम्ही. घरात इस्त्रीला कपडा उरला नव्हता. उशांचे अभ्रे झाले, जेवणाच्या टेबलावरचे नॅपकिन झाले. विहिरीच्या वाक्याला आले की माझ्याकडे बघायचे. मी वही मिटून ठेवायची.

अनिका: मग हेच सांगते ना. हे खरं आहे, आणि जास्त छान आहे.

अहिल्या: सांग. दोन्ही सांग. नुसतं हे सांगितलंस तर लोक म्हणतील, आधी घसरले असणार म्हणून एवढी तालीम केली. आधी मला हसू देत, मग हे ऐकू देत. हसून मोकळं झालेलं माणूस नीट ऐकतं.

अनिका: मम्मा, तू सांग. काय करू?

हिमानी: मला काय विचारतेस, मी तर काढ म्हणत होते.

अहिल्या: अनू, अठ्ठावन्न वर्षं आणि एकशे बेचाळीस भूमिका. त्यातला एक शब्द माझ्याकडे आहे. तो मी कोणाला देणार नाही. तू दिलास तर तुझा हात मी धरणार नाही. पण मग ते भाषण तुझं, माझं नाव त्यात घालू नकोस.

अनिका: ...ओके.

अहिल्या: ओके म्हणजे काय?

अनिका: ओके म्हणजे जे पाहिलं ते सांगते. 'आजी मध्ये ओरडली.' एवढंच. का ओरडली ते मला कोणी विचारणार नाही.

अहिल्या: कोणी विचारत नसतं. विंगेत कोण आहे हे एकतीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही.

अनिका: आता एंड. रूथला शेवटी हवंय, सगळे आता कुठे आहेत. डॅनियलनी अजून दोन फिल्म केल्या, एक लोकांनी पाहिली. आता तो कॉलेजमध्ये शिकवतो.

अहिल्या: आणि ती निर्माती बाई?

अनिका: सिनेमा सोडला. विस्कॉन्सिनमध्ये बेकरी आहे तिची. रूथ पुढच्या महिन्यात रेगच्या ॲशेस, म्हणजे अस्थी, घेऊन ऑस्ट्रेलियाला जातेय. लोकर कातरायच्या त्या शेडच्या जागी आता शाळा आहे, तिथे त्या पसरायची तिला परवानगी मिळालीय.

हिमानी: शाळा आहे हे बरं झालं.

अनिका: आणि रेग. फिल्मनंतर दोन वर्षं छान. मग हळूहळू विसरायला लागले, इथल्याच वृद्धांच्या होममध्ये गेले. रूथचं नाव पण विसरले. ह्या सप्टेंबरमध्ये झोपेतच गेले. वय ब्याऐंशी.

अहिल्या: माझं नाव तर त्यांना कधी नीट आलंच नव्हतं. मॅडमच म्हणायचे, शेवटच्या मंगळवारपर्यंत. नर्स आत आली की उठून उभे राहायचे आणि तिचं नाव विचारायचे. रोज नव्यानं विचारायचे, पण विचारायचे. हे घाल.

अनिका: घातलं. आता मी: अनिका, कॉलेजचं शेवटचं वर्ष. आजी: अहिल्या म्हापसेकर, रिटायर्ड प्रॉम्प्टर, खारींशी भांडण चालू. मम्मा, तुझं काय लिहू? तू किस्सा ऐकायला तरी येणार ना, की बाहेर गाडीत बसणार?

हिमानी: पहिल्या रांगेत बसेन, आईच्या शेजारी. आणि लोक हसले की मीही हसेन.