सोमाजीभाऊची जीप आन् कंपनीचे पार्ट

नाई, मी मनतो, चालत्या गाडीचं पोट फाडाची गरजच काय होती? तुम्हीच सांगा! बरं, गाडी तरी कोणाची? सोमाजीभाऊची! जलमभर कुरखेड्याच्या जंगलात जीप चालवली त्या माणसानं, जिथी रस्ता नाई तिथी सोमाजीभाऊ! भाऊ गेले, जीप अंगणात उभी राह्यली... आन् त्याईचा पोरगा संघपाल, ऊर्जानगरात फिटर होता, थो रिटायर होऊन घरी आला. झालं! त्याची माय, अंजनाबाई, एवढंच मनली, "बापू, औंदा चांद्याच्या दीक्षाभूमीले बाबाच्या जीपनं जाऊ."

नवी बॅटरी टाकली, सेल मारला, आन् तुम्हाले सांगतो, सुरू झाली ना गाडी! खोकली, शिट्टी वाजवली, खडखड खडखड... चुलीपासून अंजनाबाई ओरडली, "आले वाटते!" मंग आपलीच आपण पदरानं डोळे पुसाले लागली. अरे, इथीच थांबाचं होतं! पण संघपाल बॉनेटले कान लावून मनते कसा, "हा आवाज बरोबर नाई."

माय लेकीकडं गेली, रिनाकडं, तसं यानं इंजिन खोललं. शेजारी मनून टॉर्च धराले कोण? मी! कार्बोरेटरातून निघाली चामड्याची टिकली. "हा कंपनीचा पार्ट नाई!" एअर फिल्टरात हिरवी चिंधी. "हा कंपनीचा पार्ट नाई!" गॅस्केट काढलं तं पुठ्ठ्याचं, त्याच्यावर छापेल 'सहकुटुंब'... कोणाले बोलावून राह्यलं हे इंजिन? आन् एका सळईले चक्क बाईच्या केसाचा आकडा! बाप्पा, मी मनलं, हे इंजिन हाय का बायकोची पेटी?

फोटो काढून टाकले जुन्या गाडीवाल्याईच्या ग्रुपवर. तिथी तं एकाहून एक पंडित! एक पुण्याचा: "अहो, ती चामड्याची चकती नक्कीच लष्करी बनावटीची आहे, जपून ठेवा हं!" एक नागपूरचा: "अबे, कचरा हाय, फेक!" आता संघपालनं कोणाचं ऐकलं असंल? सारं भंगारवाल्याच्या पोत्यात! नवे पार्ट आणले, बसवले. चालत्या गाडीचं पोट फाडाची गरजच काय होती, मी मनतो...

माय आली. यानं मोठ्या हौसेनं मोबाईल दाखवला, "पाय माय, बाबानं काय काय कोंबलं होतं!"

थे पाहे आन् सांगे. चामडं? "बाबाच्या चपलेचं. मार्कंड्याच्या जत्रेतून सवाऱ्या आणताना कापलं, अनवाणी घरी आले." चिंधी? "माह्या लुगड्याची. जंगलात धूळ का कमी रायते?" पुठ्ठा? "रिनाच्या लग्नाची पत्रिका. उरल्या होत्या ना." हसून राह्यली होती, बरं का! आकडा आला आन् हसूच गेलं. "तू पोटात होता बापू. मले कळा सुटल्या, दवाखान्याच्या वाटेत गाडी बंद. सळई निसटली मने. माह्या अंबाड्यातून उपसला त्याईनं... मनले, घरी गेल्यावर वापस देतो." मंग इकडंतिकडं पाह्यलं. "कुठी हाय थो?"

आन् हा फिटर? पळाला भंगारवाल्याकडं! तिथी मालाचा ट्रक केव्हाचाच गेला होता. बसला बिचारा रिकाम्या पोत्यावर डोक्याले हात लावून. मलेच वाईट वाटलं, खरं सांगतो... रागच करता येईना त्याचा.

दीक्षाभूमीचा दिवस आला. माय नवं पांढरं लुगडं नेसून जीपमधी बसली. डोळे मिटले. वाट पाहून पाहून मनली, "सुरू कर ना बापू."

"सुरूच हाय, माय."

मायनं कान देऊन पाह्यला. मंग हळूच उतरली, पिशवी घेतली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मले एसटीत बसवून दे बापू. थे खडखडते तरी."