फाट्यावर काढून घेतलेला हात

जमलेल्या मंडळींनो, मी सुनीता. स्वातीची थोरली बहीण. राहुरीहून आले. उभी राहिले खरी, पण तोंडातून शब्द निघणं अवघड झालंय. रडू येतंय म्हणून नाही. मघापासूनची तुमची श्रद्धांजलीची भाषणं ऐकून.

सगळे एकच बोललात. सून असावी तर अशी. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. आवाज कधी उंबऱ्याबाहेर आला नाही.

आवाज होता तिला. कॉलेजला स्कूटीवर जायची, मला मागं बसवून, मोठ्यानं गात. लग्न होऊन इकडं जामखेडच्या बाजूला आली आणि स्कूटी बंद झाली. का? तर बरं दिसत नाही.

मग संतोषरावांच्या मोटारसायकलवर बसायची, एका बाजूला पाय सोडून. नवी नवरी असताना एकदा नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चौकातून आली. पारावरच्या कुणीतरी घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावती. लाज न्हाई का?" सांगणारा आजही इथं बसलाय.

तेव्हापासून गावचा फाटा आला की ती हात काढून घ्यायची. मी विचारलं होतं, "अगं, मग धरतेस काय?"

म्हणाली, "पदर."

परवा बाजारातून येतानाही तिनं फाट्यावर हात काढला. शाळेपुढच्या गतिरोधकावर गाडी उडाली. ती मागं पडली, डोक्यावर. दवाखान्यात संतोषराव मला म्हणाले, "ताई, ती पडली ते मला कळलंच न्हाई."

कसं कळणार? हात खांद्यावर असता तर कळलं असतं.

तुम्ही गतिरोधकाला नावं ठेवा. नशिबाला ठेवा. तिचा हात कुणी काढायला लावला?

मावशी, तुम्ही तिच्या सासूबाई. काल आल्यागेल्याला सांगत होता, पडली तरी पदर डोक्यावरच होता. तुम्हाला त्याचं समाधान. मला नाही.

तिची पोरगी आठवीत आहे. मघाशी एका काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "आईसारखी हो." काका, ते मी होऊ देणार नाही. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आता स्वातीसाठी थोडा वेळ शांत उभं राहायचं. बायांनो, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल. तुमचं गप्प राहणं जन्मभर चालूच आहे.

पुरुष मंडळींनी उठावं.