सम्यकची शेळी

शिरूरच्या एसटी स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट पाहणाऱ्या शेलार गुरुजींच्या कानावर शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं. त्या दोघींच्या मध्ये दोन वर्षांचा सम्यक हातात पाण्याची बाटली धरून, ओठ घट्ट मिटून बसला होता.

“सकाळपासून घोटभर पाणी न्हाई पोटात, आत्याबाई. किती ऊन हाय! पाजल्याबिगर मी गाडीत चढायची न्हाई.”

“अगं गौतमी, घरी शेळीला पाजल्यावरच पितंय ते. मीच लावली सवय.”

“मग आता इथं शेळी कुठनं आणू?”

“मी होते की. सम्यक, बघ. बॅऽऽ!”

“लोकं बघत्यात, आत्याबाई!”

“बघू दे. बॅऽऽ!”

“आजी शेळी न्हाई. शिंगं न्हाई.”

“घ्या! आता शिंगं पायजेत.”

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोक्यावर दोन बोटं उभी धरली आणि ते सम्यकपुढं वाकले.

“बॅऽऽ!”

सम्यकनं त्यांच्या दुसऱ्या तळहातावर पाणी ओतलं. ते प्यायले, तशी त्यानं बाटली स्वतःच्या तोंडाला लावली.

“गौतमी, गाडी लागली!”

“लागू द्या. त्याचं पिऊन होईस्तोवर कुणी हलायचं न्हाई. आबा, तुम्हीबी शिंगं खाली घेऊ नका.”