हाजींच्या रानातलं पाणी

फय्यूमच्या बाजारात रोटीच्या रांगेत सनिया जपमाळ ओढत उभी होती. शेजारच्या पुरुषांच्या रांगेत गावचेच दोघे बोलत होते, म्हातारे हाजी मुतवल्ली आणि तरणा शाबान.

"हाजी, वारा सुटणार म्हणतात. फोनवर दाखवतायत."

"अमशीर महिना आहे बाबा. वारा नाही तर काय अत्तर सुटणार?"

"शेतकी साहेब म्हणाले, ओल्या रानात वाऱ्यानं गहू आडवा होतो, पाणी देऊ नका."

"बरोबर बोलला."

"बरोबर? मी तर सकाळीच सोडलं!"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच की!"

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तोंड कशाला? तुमचं रान भरलेलं दिसलं. म्हटलं, साहेब कालचं पोर, हाजींनी जन्मभर अमशीर पाहिलाय. ते सोडतात म्हणजे वारा नाही."

"या अल्लाह! माझा बांध उंदरांनी पोखरला रे. पहाटे नमाजाला उठलो तर पाणी रानात!"

"मग ओरडायचं तरी!"

"मला काय ठाऊक, तू माझ्या रानाकडे बघतोयस?"

"मी एकटा? अख्खा कालवा बघतो, हाजी."

सनियाच्या बोटांतला मणी थांबला. मागच्या बाईला ती हळूच म्हणाली, "माझा नंबर तुम्ही घ्या."

"अगं, नंबर आला की तुझा!"

"राहू दे. सकाळी आमच्या ह्यांना मीच म्हटलं, हाजींनी सोडलंय, तुम्हीही सोडा. जाऊन बंद करायला सांगते."

ती रांगेतून बाहेर पडली, आणि समोरून आलेल्या धुळीनं तिचे डोळे मिटले.