गोळी बंद, नवस सुरू

...आणि दोष कुणाचा? माझाच! लग्नाला वर्ष होत आलं, अंजूरच्या आमच्या आळीत माझ्यामागून आलेल्या सुनांची पोटंसुद्धा दिसायला लागली, आणि सासूबाई माझ्या पोटाकडे अशा बघतात, जणू बंद पडलेला लूमच! "अजून काय न्हाय? पडघ्याची मातीच कोरडी गो!" पडघा माझं माहेर. मी बोलते का? नवी सून ना मी!

तुम्हाला सांगते, खरं काय ते कपडे धुताना आमच्या ह्यांच्या खिशात सापडलं होतं. निळ्या गोळ्या! धामणकर नाक्यावरच्या मेडिकलमधून, डॉक्टरला न विचारता. बरं, घेतात तर घेऊ देत, त्या गोळ्यांवरच तर संसार चालला होता! पण एक दिवस ह्यांचा लूमवाला दोस्त ओट्यावर बसून सांगतोय, "मितेशभाई, ये गोली बीज जला देती है, औलाद नहीं होती." मी आत चहा गाळतेय, गाळणी हातातच राहिली! झालं, मूल व्हावं म्हणून ह्यांनी गोळी बंद केली, आणि गोळी बंद म्हणजे... आता कसं सांगू... सगळंच बंद! बीज सुखरूप, पण पेरणीच न्हाय! मी बोलते का? नवी सून ना मी!

शेवटी माहेरी जाते म्हणून निघाले, ती थेट भिवंडीत बाईडॉक्टरांकडे. त्या म्हणाल्या, "या गोळीनं शुक्रजंतू मरतात असं तपासण्यांत दिसलेलं नाही. पण परस्पर घ्यायची नाही ती. त्यांना आणा, दोघांना तपासू. दोष तुमचाच, असं कुणी सांगितलं?" कुणी म्हणजे? अख्ख्या गावानं! रडलेच मी तिथं.

घरी येऊन लग्नानंतरचं सगळ्यात लांब वाक्य बोलले. ह्यांचे कान लाल! नखं बघत म्हणाले, "सोमवारी जाऊ. आईला सांगू नको." देवा, त्या दिवशी कुठं जाऊन अन्नाला चव लागली!

आणि रविवारी सासूबाई देवीला जाऊन आल्या, कपाळभर कुंकू... "नवस बोलले गो! माझ्या बाल्यानं आता कडक पाळायचं. मटण न्हाय, डॉक्टरची दवा न्हाय, बायकोची खोली न्हाय. देव्हाऱ्यापुढं चटईवर झोपायचं!"

मी घाबरत विचारलं, "किती दिवस, आई?"

"किती दिवस म्हंजे? तुला पोर होईस्तोवर!"

आता देवीनं तरी काय करायचं, तुम्हीच सांगा! आणि आमचे हे? वर्षभरात पहिल्यांदा सुटल्यासारखे हसले, चटई काखेत मारून निघालेसुद्धा...

उशी विसरले होते. नेऊन दिली.