सात मोठा की तीन?

कॉम्प्युटर घेताय ना, मग आधी आमचं ऐका. मुलगी म्हणत होती, "पप्पा, नवा आय-थ्री घ्या." ह्यांनी शिंदखेड्याहून दहा वर्षं जुना आय-सेव्हन आणला. वर तिलाच विचारलं, "सात मोठा की तीन? ट्रॅक्टर घेताना कमी ताकदीचा घेतो का आपण?"

तिच्या नर्सिंगच्या फॉर्मची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. चारपासून आमचा सात नुसता तापत बसला. शेवटी ती शेजारच्या अक्कांकडे पळाली आणि त्यांच्या नव्या आय-थ्रीवर दहा मिनिटांत फॉर्म भरून आली.

हे म्हणाले, "हलकं काम होतं, म्हणून तीनवर भागलं."

आता सातच्या गरम वाऱ्यावर मी ज्वारीचे ओले बिबडे पापडासारखे वाळवते. तेवढं जड काम त्याला झेपतं.